धवईचे फूल

रायपूर हे सखल प्रदेशातले शहर. खारून नदीच्या काठी वसलेल्या या नगरीच्या सभोवार भाताची खाचरे पसरलेली आहेत. डोंगर म्हणावा असा दृष्टीस पडत नाही. तथापि वायव्येकडील मैकल पर्वतराजीतली आणि दक्षिणेस महानदी जिथे उगम पावते त्या सिहावाच्या डोंगरांतली वनसंपत्ती पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली आहे ती याच परिसरात. तेव्हा वाचकहो, उन्हाळ्याच्या तोंडी आपण रायपूरला गेलात, तर गोलबाजारातील काष्ठौषधींच्या दुकानांकडे पाऊल वळवावे आणि धवईचे फूल मागावे. विटकरी तांबड्या रंगाची, वाळून चुरमडलेली, नखाएवढी फुले आपल्या ओंजळीत पडतील.

ही धवई म्हणजे आपली धायटी. हे माणूसभर उंचीचे झुडूप सह्याद्रीच्या उघड्या उतारांवरही उगवते. माघ-फाल्गुनात त्याच्या वाकलेल्या फांद्या लाल फुलांनी अशा भरून जातात की, दुरून डोंगरास वणवा लागल्याचा भास व्हावा. संस्कृतात तिला धातकी, ताम्रपुष्पी आणि वह्निज्वाला ही नावे आहेत. तिसरे नाव ठेवणाऱ्याने हा डोंगर नक्कीच पाहिला असावा! फुलाच्या नळीत मधाचा थेंब असतो आणि रानातली मुले तो चोखतात. वनस्पतिशास्त्र हिला मेंदीच्या कुळात घालते. नावाच्या सारखेपणामुळे धावड्याशी मात्र तिची गल्लत करू नये. तो निराळा वृक्ष, डिंकासाठी प्रसिद्ध असलेला.

चरकसंहितेत धातकीची गणना मळ बांधून आणणाऱ्या आणि जखम सांधणाऱ्या द्रव्यांत केलेली आहे. फूल अत्यंत तुरट असते, हे त्याचे कारण. हगवणीवर त्याचे चूर्ण ताकातून वा मधातून देण्याची आणि भाजलेल्या जागी ते जवसाच्या तेलात खलून लावण्याची रीत जुनी आहे. मात्र आजच्या गृहिणीने भाजलेल्या जागेवर आधी भरपूर थंड पाणी ओतावे, हगवणीत मीठ-साखरेचे पाणी आधी सुरू करावे, आणि शौचावाटे रक्त पडत असेल तर फुलाच्या भरवशावर न राहता डॉक्टरांना गाठावे.

पण धवईचे खरे कर्तृत्व निराळ्याच ठिकाणी आहे. बाळंतिणीसाठी आपल्या घरी दशमूलारिष्टाची बाटली आणली गेली असेल. ते अरिष्ट कसे तयार होते? दहा मुळांचा व इतर औषधींचा काढा निववून त्यात गूळ आणि मध मिसळतात, धातकीची फुले घालतात, भांड्याच्या तोंडावर झाकण ठेवून कापडमातीने सांधा लिंपतात आणि सुमारे महिनाभर ते हलवीत नाहीत. फुलांबरोबर आलेले सूक्ष्म किण्व गोडव्यावर पोसते आणि काढा आंबू लागतो. भांड्याला कान लावला, तर आत बुडबुड्यांची कुजबुज ऐकू येते. पेटती काडी तोंडाशी नेताच विझली, तर आंबणे अद्याप चालू आहे असे समजावे. ती जळत राहिली, तर औषध सिद्ध झाले. कुटजारिष्ट, अशोकारिष्ट, लोहासव या सर्वांत धातकी आहेच. एरवी चार दिवसांत नासणारा काढा यामुळे वर्षानुवर्षे टिकतो. आंबण्यातून त्यात साधारण ५ ते १० टक्के मद्यार्क उतरतो, म्हणून लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना ही औषधे वैद्यांच्या सल्ल्यावाचून देऊ नयेत.

आता विचार करा: हे किण्व फुलाबरोबर येते, त्यास वेगळे घालावे लागत नाही. मोठे कारखाने आज वेगळे किण्वही वापरतात, परंतु परंपरागत कृतीत सारी भिस्त फुलावर. फूल दमट पोत्यात राहून बुरसले, की भलतेच जंतू शिरून अरिष्टाचा शिरका होतो. औषधशाळेतला वैद्य कितीही जाणता असला, तरी कामाचा पहिला अर्धा भाग त्याच्या हाती नसतो; तो डोंगरावर फुले खुडणाऱ्या बाईच्या हाती असतो. एकेका फांदीवरून फुले ओरबाडावी लागतात, ती पातळ पसरून वाळवावी लागतात, आणि वाळल्यावर टोपलीभर फुलांचे वजन मूठभर उरते. हाच मोसम महुआ वेचण्याचाही. घाईत फांदीच मोडून घरी नेण्याचा मोह होतो. त्यात कळ्या, पाने, काड्या सारे मिसळते, आणि पुढील वर्षाचा बहरही जातो.

व्यापारी वजनाने भाव करतो, स्वच्छतेने नव्हे, तोवर हा मोह सुटणे कठीण. २००६ च्या वनाधिकार कायद्याने गौण वनोपजावर वननिवासींची मालकी मान्य केली. त्यानंतर २०१३-१४ मध्ये केंद्र शासनाने अशा उपजांसाठी किमान आधारभूत किमतीची योजना आणली, आणि धवईचे फूल पुढे तिच्या यादीत आले. छत्तीसगडात हे काम राज्याचा लघु वनोपज संघ पाहतो व गावोगावच्या महिला बचतगटांमार्फत खरेदी करतो. वाळलेले, काडीविरहित फूल निवडून घेतले जाते, तिथे खुडणारीस पुढल्या वर्षीही त्याच झुडपाकडे जावेसे वाटते. धवई मोठी चिवट आहे. मुळाशी छाटली, तरी पावसाळ्यात नवे धुमारे फेकते. परंतु फुले येतात ती जून झालेल्या फांद्यांवर, आणि त्यासाठी तिला सवड द्यावी लागते.