काड्यापेटीवरचे चित्र

शेवटची काडी विझली, की काड्यापेटीचे आयुष्य संपले असे घरातील माणसे समजतात. संग्राहकाच्या लेखी ते तेव्हा कोठे सुरू होते. इंग्लंडमधील मार्जोरी इव्हान्स या बाईंनी १९४३ साली अशा छांदिष्टांना ‘फिल्युमेनिस्ट’ असे नाव दिले. प्रेम दर्शविणारा ग्रीक शब्द आणि प्रकाश दर्शविणारा लॅटिन शब्द यांचा हा संकर. भाषापंडितांनी नाक मुरडावे असाच तो आहे. पण ‘प्रकाशाचा प्रेमी’ असा सुंदर अर्थ त्यातून निघतो, तेव्हा त्याला क्षमा करावी हे बरे.

या छंदात शब्दांवाचून पदोपदी अडते. काड्या ठेवण्याचे आतले खोके म्हणजे ‘ट्रे’. पेटीवर निराळा कागद चिकटविलेला असेल, तर ते ‘लेबल’. बारा पेट्यांच्या पुड्यावर मोठे लेबल असे; एका ग्रोसच्या, म्हणजे १४४ पेट्यांच्या गठ्ठ्यावर त्याहूनही मोठे. गठ्ठा फोडताना दुकानदार ते फाडून टाकी. त्यामुळे असे लेबल हाती लागले, की संग्राहकाला आनंद होतो.

पुढे लाकडाच्या पातळ पापुद्र्यांच्या पेट्या मागे पडत गेल्या आणि चित्र थेट पुठ्ठ्यावरच छापले जाऊ लागले. बाहेरच्या आवरणाच्या अशा सपाट, छापील पुठ्ठ्याला ‘स्किलेट’ म्हणतात. हा शब्द ठाऊक नसलेला मुलगा कात्री घेतो आणि वाघाचे चित्र तेवढे कापून वहीत चिकटवितो. केरात काय जाते? कारखान्याचे नाव, गाव, काड्यांची संख्या आणि किंमत! भारतात काड्यापेटीची किंमत २००७ साली पन्नास पैशांवरून एक रुपया झाली, आणि डिसेंबर २०२१ पासून दोन रुपये. ती छापील किंमतच हरवली, तर वाघ कोणत्या काळातला हे कोणी सांगावे? जाणता संग्राहक आवरणाचा चिकटविलेला सांधा अलगद सोडवितो आणि पुठ्ठा सबंध उलगडून ठेवतो. गूल घासण्याची पट्टीदेखील तो कापीत नाही. सुरक्षित काडीचे मर्म त्या पट्टीतच असते. तांबडा फॉस्फरस तेथे असतो, काडीच्या टोकाला नसतो.

जुने कागदी लेबल पाण्यात भिजवून काढतात. त्यात धीर लागतो, कारण काही रंग पाण्यात उतरतात. मग दोन लेबले शेजारी ठेवून न्याहाळणे सुरू होते. वाघ तोच, अक्षरे तीच. पण एकाची शेपटी किंचित वर वळलेली असते. तेवढ्यावरून वहीत त्याला निराळे पान मिळते.