पहिली आली, पाचवी ठरली

‘दार रे मी’ हे नाव कुणी काढलं की माझं डोकं अजून तापतं. घोडी माझी नव्हती. तिच्यावर लावलेल्या पैशांत दोन माणसांचं धड जेवणही झालं नसतं. पण डोळ्यांदेखत पहिली आलेली घोडी थोड्या वेळात पाचवी जाहीर होते आणि आजूबाजूची मंडळी खांदे उडवून पुढच्या शर्यतीची पानं चाळायला लागतात, हे मला तेव्हा पचलं नव्हतं आणि आजही पचत नाही.

मी पुण्याचा. पावसाळ्यात कॅम्पातल्या रेसकोर्सवर मामा न्यायचा आणि घरी आम्ही पर्वतीला गेलो होतो असं सांगायचा. आमच्याकडे रेसला जाणारा माणूस म्हणजे आज ना उद्या घर विकणारा माणूस. पुढे नोकरीच्या निमित्ताने इंग्लंडमध्ये स्लाउला आलो. तिथून विंडसर आणि अ‍ॅस्कट ही दोन्ही मैदानं हाकेच्या अंतरावर. खुद्द राणी घोडे पाळते आणि रेसला जाते हे कळल्यावर आईचा विरोध मावळला. मग मी मोकळा सुटलो. डर्बीला एप्सम, मार्चमध्ये चेल्टनहॅम, सवड मिळाली की भल्या पहाटे न्यूमार्केटच्या टेकडीवर व्यायामाला निघालेले घोडे बघायला. युरोस्टार असल्यामुळे पॅरिसही फार लांब नव्हतं.

तर, 13 सप्टेंबर 2009, रविवार, पॅरिसचं लाँशां. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तिथे ‘आर्क’ होते, म्हणजे प्री द लार्क द त्रियोंफ, 1920 पासूनची युरोपातली सर्वांत मानाची शर्यत. त्याआधी तीनेक आठवडे तिची रंगीत तालीम असते. त्या दिवशी आर्कच्याच 2400 मीटरवर तीन मोठ्या शर्यती होतात आणि त्यातली प्री व्हर्मेय फक्त घोड्यांच्या माद्यांसाठी. खरा शौकीन या दिवशी जातो, कारण गर्दी कमी असते आणि पॅडॉकच्या कठड्याला टेकून घोडा हातभर अंतरावरून बघता येतो. आर्कच्या दिवशी टोप्याच जास्त दिसतात.

दार रे मी चार वर्षांची, जॉन गॉस्डेन यांच्या तबेल्यातली, मालक संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर. ऑगस्टमध्येच तिने यॉर्कशर ओक्स जिंकली होती. तिच्या आईने, दाराराने, हीच व्हर्मेय 1986 मध्ये मारली होती. समोर होती फ्रान्सची लाडकी स्टासेलिटा, तीन वर्षांची, तोवर एकही शर्यत न हरलेली. मी पॅडॉकमध्ये दोघींना नीट पाहिलं. स्टासेलिटा दिसायला जास्त रुबाबदार. दार रे मी मान खाली घालून, लांब ढांगा टाकत, कामावर निघालेल्या बाईच्या लगबगीने चालत होती. मला ती आवडली. तसे मी पैसे आदल्याच दिवशी स्लाउच्या बाजारातल्या एका बुकीच्या दुकानात लावून आलो होतो. फ्रान्समध्ये बुकी नसतात. 1891 च्या कायद्यापासून तिथे सगळा कारभार टोटचा, म्हणजे सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात, त्यातून कपात, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटायचं. भाव काय मिळणार ते शर्यत सुटेपर्यंत कळत नाही. मला आधी ठरलेला भाव बरा वाटतो. शिवाय त्या दुकानाच्या भिंतीवर ठळक पाटी होती, की पहिल्या आलेल्या घोड्याचे पैसे देऊ, मग स्टुअर्डनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, निकाल फिरवला तरी. या पाटीकडे परत येतोच.

शर्यत थोडक्यात सांगतो. लाँशांला वळणानंतर एक फसवी सरळ वाट आहे. तिथे नवखा जॉकी फसतो, शेवट आला म्हणून घोडा सोडतो आणि खऱ्या सरळ पट्ट्यात दम संपून बसतो. दार रे मीचा जॉकी जिमी फॉर्च्यून नवखा नव्हता. त्याने घोडी राखून ठेवली, खऱ्या पट्ट्यात मोकळी केली आणि दार रे मी स्टासेलिटाला मागे टाकून आली. फोटोची गरज नाही, वाद नाही. मी मराठीत ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझ्या शेजारी एक म्हातारे फ्रेंच गृहस्थ होते, हातात घडी घातलेला ‘पारी-तुर्फ’ हा रेसचा पेपर, दर शर्यतीआधी त्यावर पेन्सिलीने बारीक खुणा. त्यांनी स्टासेलिटाची तिकिटं बोटांनी चुरगाळली आणि खाली टाकली. तेवढ्यात लाउडस्पीकरवर घोषणा झाली. मला फ्रेंच येत नाही, पण मैदानात एकदम जी कुजबुज पसरली ती कळायला भाषा लागत नाही. चौकशी.

मोठ्या पडद्यावर शेवटचा भाग पुन्हा दाखवायला लागले. बाजूने घेतलेल्या चित्रणात घोडे एका रेषेत धावताना दिसतात. समोरच्या कॅमेऱ्यातून तीच शर्यत बघितली तर कोण कुणाच्या वाटेत आलं ते दिसतं. समोरून दिसलं असं, की दार रे मी सरळ न राहता सरकली आणि सोबेरानिया नावाच्या घोडीच्या वाटेत आली. सोबेरानियाच्या जॉकीला लगाम खेचावा लागला. हे झालं, यात शंका नाही. पण सोबेरानिया तेव्हा थकत चालली होती. ती शेवटी पाचवी आली. तिला अख्खा रस्ता झाडून मोकळा करून दिला असता तरी ती दार रे मीला गाठणार नव्हती. मैदानात बसलेल्या एकालाही तसं वाटलं नसेल.

आता नियम समजून घ्या, कारण सगळी ठिणगी तिथेच आहे. इंग्लंडमध्ये प्रश्न विचारतात, की धक्का बसला नसता तर धक्का खाणारा घोडा धक्का देणाऱ्याच्या पुढे आला असता का? नसता, तर निकाल कायम, जॉकीला हवी ती शिक्षा करा. फ्रान्समध्ये तेव्हा प्रश्न वेगळा होता. धक्का खाणाऱ्याचा एखादा वरचा नंबर हुकला का? हुकला असेल, तर धक्का देणारा त्याच्या मागे. मग तो कितीही लांबून जिंकलेला असो. सोबेरानियाचा चौथा नंबर आणि त्याचं बक्षीस हुकलं असं ठरलं. त्यामुळे ती चौथी झाली आणि पहिली आलेली दार रे मी तिच्या मागे, पाचवी. व्हर्मेय स्टासेलिटाला. पंगतीच्या टोकाला बसलेल्याच्या पानातला लाडू घरंगळला म्हणून पहिल्या पाटावरच्याला उठवून लावायचं, त्यातला हा प्रकार.

निकाल जाहीर झाला आणि समोर जे चाललं ते मी विसरणार नाही. माणसं वाकली. सूट घातलेली, चांगल्या घरची माणसं गुडघ्यांवर बसून फेकलेली तिकिटं शोधायला लागली. माझे शेजारी तर थेट बाकाखाली गेले. एक तिकीट त्यांना लगेच सापडलं, दुसरं एका बाईच्या बुटाखाली होतं. त्यांनी तिच्या पायाला हळूच टिचकी मारली, तिनेही न बोलता पाय उचलला, जणू रोजचंच आहे. तिकिटं मांडीवर ठेवून ते तळहाताने सुरकुत्या काढत बसले. मी हातवारे करून काहीतरी बोललो असेन. मोडक्या इंग्रजीत ते म्हणाले, नियम नियम आहे. मग पैसे घ्यायला गेले.

त्याच दुपारी आणखी एक गंमत झाली होती. प्री फॉय ही शर्यत स्पॅनिश मून नावाच्या घोड्याने मारली. हा सर मायकल स्टाउट यांचा इंग्लंडमधला घोडा. गेटमध्ये शिरायला आडमुठेपणा करतो म्हणून इंग्लंडमध्ये त्याला सहा महिने धावायला बंदी होती. म्हणून तो फ्रान्समध्ये येऊन धावत होता. इंग्लंडने हाकललेला घोडा लाँशांला जिंकला आणि इंग्लंडमध्ये जिची शर्यत अबाधित राहिली असती ती घोडी लाँशांला पाचवी ठरली. मध्ये खाडी केवढी, तर वीसेक मैलांची.

सोमवारी मी स्लाउच्या त्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीने तिकीट बघितलं, संगणकात बघितलं आणि सॉरी म्हणाली. मी भिंतीवरची पाटी दाखवली. तिने पाटीच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे इतक्या बारीक अक्षरांत लिहिलं होतं की मला चष्मा पुसावा लागला. सवलत फक्त ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या शर्यतींना. म्हणजे टोटवर लावले असते तरी गेले असते आणि इथे लावूनही गेले. मी मॅनेजरला बोलवायला सांगितलं. तो आला, नम्रपणे बोलला आणि अर्थातच काही दिलं नाही. कायद्याने त्याचं चूक नव्हतं. पण ज्या दुकानात फ्रान्सच्या शर्यतीवर पैसे घेतात त्या दुकानाने ‘पहिला तो पहिला’ हे हातभर अक्षरांत आणि ‘फ्रान्स सोडून’ हे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहावं, याला मी तरी सचोटी म्हणणार नाही.

तिकडे दार रे मीच्या बाजूने अपील झालं. तेही फेटाळलं गेलं. ऑक्टोबरात ती आर्कमध्ये धावली आणि सी द स्टार्सने जिंकलेल्या त्या शर्यतीत पाचवी आली, या वेळी खरोखरची पाचवी. स्टासेलिटा सातवी. पुढच्या मार्चमध्ये दुबईत शीमा क्लासिक जिंकून दार रे मीने मानाने पैसे कमावले. तिचा मुलगा टू डार्न हॉट पुढे दोन वर्षांच्या घोड्यांत युरोपचा चॅम्पियन झाला. घोडीचं काही अडलं नाही. अडलं ते माझं.

इतकी वर्षं मी हा किस्सा प्रत्येकाला सांगून फ्रेंच नियमाला शिव्या देत आलो आणि मग 2015 ची सेंट लेजर आली. 1776 पासून चालत आलेली, डॉनकास्टरची. मी तिथे होतो. सिंपल व्हर्स ही घोडी कोंडीत सापडली होती. तिने बाँडी बीच या घोड्याला ढकलून वाट काढली आणि शेवटच्या टप्प्यात पुन्हा दोघांची टक्कर झाली. सिंपल व्हर्स डोक्याच्या अंतराने पहिली. मी बाँडी बीचवर लावले होते हे खरं, पण पैशांमुळे नाही, ते ढकलणंच मला खटकलं. उघड दांडगाई होती. स्टुअर्डनी निकाल फिरवून शर्यत बाँडी बीचला दिली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. हो, मीच.

अकरा दिवसांनी अपिलात सिंपल व्हर्स पुन्हा विजेती ठरली. अंतर एवढं कमी होतं तरी, बाँडी बीच धक्क्याशिवाय नक्की पुढे आला असता असं सिद्ध होत नाही, असा त्या निर्णयाचा रोख. सट्ट्याचे पैसे मात्र शर्यतीच्या दिवशीच्या निकालावर वाटले जातात, अपिलाशी त्यांचा संबंध नाही. त्यामुळे माझे पैसे माझ्याकडेच राहिले. आमच्या ऑफिसातल्या यॉर्कशरच्या एका सहकाऱ्याने मैदानावरच्या बुकीकडे सिंपल व्हर्स लावली होती. त्याची घोडी इतिहासात विजेती आहे, 1992 च्या यूझर फ्रेंडलीनंतर लेजर जिंकलेली पहिली मादी, आणि त्याचे पैसे बुडाले ते बुडालेच. त्याने मला वर्षभर चहा पाजला नाही.

2018 मध्ये फ्रान्सने आपला नियम बदलून इंग्लंडसारखा केला. त्या वर्षी लाँशांचं नवं बांधलेलं मैदानही उघडलं. म्हणजे दार रे मी आज धावली असती तर शर्यत तिचीच. माझं म्हणणं मान्य झालं, मला आनंद व्हायला हवा होता. पण गेल्या काही वर्षांत मी जे बघतो त्याने तो होत नाही. जॉकीला आता ठाऊक असतं की आडवं घालून जिंकलं तरी शर्यत बहुधा टिकते. त्याला चार दिवसांची बंदी, मालकाला ट्रॉफी, आणि त्या घोड्याची पैदाशीतली किंमत कायमची वाढलेली. बंदीचीही गंमत बघा. 30 सप्टेंबर 2022 ला सां-क्लूच्या मैदानावर जॉकी क्रिस्तोफ सुमियोंने भर शर्यतीत कोपर मारून रॉसा रायन या दुसऱ्या जॉकीला घोड्यावरून खाली पाडलं. माणूस मेला असता. दोन महिन्यांची बंदी झाली, पण ती लागू होणार दोन आठवड्यांनी. त्यामुळे दोनच दिवसांनी सुमियों आर्कमध्ये व्हादेनीवर स्वार होता आणि दुसरा आला. पहिला आला असता तर काय झालं असतं याचा विचार मी करत नाही.

माझं मत विचाराल तर घोडा आणि जॉकी यांचे हिशेब वेगळे करू नयेत. थकलेल्या पाचव्या घोडीसाठी पहिलीला खाली ओढणं चूक, आणि दांडगाई करून डोक्याच्या अंतराने जिंकणाऱ्याला शर्यत ठेवू देणंही चूक. दोन्ही एकाच नियमात कसं बसवायचं ते स्टुअर्डनी बघावं, त्यासाठीच त्यांना उंच खोलीत बसवलेलं असतं.

तुम्ही कधी लाँशांला गेलात, आणि जरूर जा, तर अधिकृत निकाल पडद्यावर येईपर्यंत तिकीट खिशातच राहू द्या. आणि इंग्लंडमधल्या दुकानात लावून जाणार असाल, तर पाटीच्या अगदी तळाशी काय लिहिलंय ते काउंटरवरच्या मुलीकडून आधी मोठ्याने वाचून घ्या.