अठरा हात

पिंपळगाव बसवंतच्या आमच्या घरी देवीची दोन रूपं होती. देवघरातल्या तसबिरीत कमळावर उभी राहिलेली लक्ष्मी होती, काठापदराच्या साडीतली, गोरीपान. दुसरी वणीच्या गडावरची सप्तशृंगी. कड्यात कोरलेली, शेंदरानं माखलेली, अठरा हातांची आणि नेसवायला 11 वार साडी लागते अशी. तिची मान जराशी कललेली आहे. समोरच्या डोंगरावरून मार्कंडेय ऋषी तिची स्तुती गातात आणि ती कान देऊन ऐकते, असं आजी सांगायची. लक्ष्मीला मी नमस्कार करायची. पण बोलावंसं वाटायचं ते सप्तशृंगीशी.

द्राक्षाच्या डिपिंगचे दिवस आले की आई बागेतच असायची. लुगड्यावर वडिलांचा जुना शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेलं फडकं. एका हातानं घड सावरायचा, दुसऱ्या हातातला औषधाचा मग खालून वर न्यायचा, घड बुडवून हलवायचा, की लगेच पुढचा. औषधाचं पाणी कोपरावरून ओघळत बाहीत शिरायचं. मांडवाखाली बायांची रांग अशी हात वर करून दिवसभर उभी असे. बांधावर बसून त्यांच्याकडे बघताना मला गडावरचे अठरा हात दिसले. त्या संध्याकाळी मी देवी काढली. कललेली मान, हातात घड आणि मग, अंगात बापाचा शर्ट, आणि चेहरा आईचा.

घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी तो कागद काढून घेतला. देवाची थट्टा करायची नाही, असं बजावलं. माझ्या मनात थट्टा नव्हती. मला ठाऊक असलेल्या बायांमध्ये जी सगळ्यांत खंबीर, तिला मी देवीच्या जागी उभं केलं होतं. आई काही बोलली नाही.

मग बरीच वर्षं माझा हात फक्त परवानगी असलेल्या गोष्टींवर चालला. अंगणातली ठिपक्यांची रांगोळी, मेंदी, शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांचं संकल्पचित्र. आमच्याकडे बाईच्या कलेला कुणी आडकाठी करत नाही, ती दुसऱ्या दिवशी झाडून टाकता येत असेल तोवर.

कलाशिक्षकाचा अभ्यासक्रम करताना राजा रविवर्मा भेटला आणि देवघरातली ती तसबीर मला नव्यानं दिसली. 1894 मध्ये त्यानं मुंबईत छापखाना काढला. तिथून लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. साडीतल्या त्या देवींचे चेहरे त्यानं समोर बसवलेल्या हाडामांसाच्या बायकांवरून घेतले होते. ज्या चित्राला मी नमस्कार करायची, तेही कधीकाळी एका चित्रकारानं आपल्या मनानं ठरवलेलं होतं. ते जुनं झालं, म्हणून पवित्र ठरलं.

पुढे गोव्यात गेले असताना पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आंजेलो द फोन्सेका यांची चित्रं पाहिली. त्यांचा जन्म 1902 चा, सांत इस्तेव्ह बेटावरचा. वैद्यकीचं शिक्षण सोडून हा मुलगा चित्रकलेकडे वळला, शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकला आणि गोव्यात परतला. त्याच्या चित्रांतली येशूची आई मरियम साडी नेसली होती, अनवाणी होती, तिचा रंग आपल्या मातीतला होता. पोर्तुगीज अमलातल्या त्या समाजाला युरोपातून आलेली गोरी माताच खरी वाटत होती. टीका इतकी झाली की फोन्सेकांनी गोवा सोडला.

त्यांना थारा मिळाला पुण्यात, ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात. हा कॅथलिक चित्रकार अँग्लिकनांनी स्थापलेल्या आश्रमात राहिला आणि 1967 मध्ये वारला तोवर चित्रं काढत राहिला. पत्नी आयव्ही यांचा चेहरा त्यांच्या मरियमेत उतरला. महाराष्ट्राच्या मातीनं अशी मोकळीक आधीही दिली होती. आमच्याच नाशिकशी नातं असलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि ओवीत आळवलं होतं. टिळकांनी शब्दांत केलं, ते फोन्सेकांनी रंगांत केलं.

त्या चित्रांत बंडखोरीचा आवेश मला कुठेच दिसला नाही. पातळ जलरंगांचे थरावर थर देत, धीरानं केलेली ती प्रार्थना होती. ज्या माणसाला आपल्या बायकोच्या चेहऱ्यात देवाची आई दिसते, त्याची श्रद्धा कच्ची कशी म्हणायची? पिंपळगावात त्या संध्याकाळी मला सांगता आलं नव्हतं, ते त्या दालनात मला नीट कळलं.

2022 मध्ये वणीच्या गडावरच्या मूर्तीचं संवर्धन झालं. वर्षानुवर्षं साचलेले शेंदराचे थर काढले आणि नवरात्रात भाविकांना देवीचं मूळ रूप दिसलं. रेखीव नाक, डोळे, दागिन्यांचं कोरीवकाम. काही जण बावरले, कारण त्यांची देवी शेंदराची होती. मी रांगेत उभी राहून पाहिलं आणि मला भरून आलं. भक्त तिला स्वयंभू मानतात, मीही मानते. तरी ती कललेली मान पाहताना वाटलं, दुसऱ्याचं ऐकून घेणाऱ्या बाईची ही लकब ज्यांनी देवीत प्रथम ओळखली, त्यांनीही आपल्या घरातलंच कुणीतरी आठवलं असणार.

आता मी मुलांना चित्रकला शिकवते. कुणी गणपतीला ट्रॅक्टरवर बसवतो, कुणी विठ्ठलाला कांद्याच्या लिलावात उभा करतो. पालक काळजीनं विचारतात, बाई, हे चालतं का? मी त्यांना फोन्सेकांची मरियम दाखवते आणि सांगते, पोरानं देव आपल्या माणसांत आणून बसवलाय, त्याला रागावू नका. घरात ते चित्र लावा. एवढ्यासाठी कुणाला गाव सोडावं लागू नये.