दिसायला बरी

८ जुलै
सातारा. पाऊस धरूनच बसलाय. झाकणाखाली मटकीची उसळ लागली, पार करपली. मी शेजारीच कांदा चिरत होते, पत्ताच नाही. आई मागच्या पडवीतून धावत आली. वासाचे तंतू नाकाच्या वरच्या हाडातल्या बारीक भोकांतून मेंदूत जातात. दहावीतल्या अपघातात माझ्या मेंदूला हिसका बसला आणि ते तुटले. चवही निम्मी गेली. बाबांनी गॅसगळतीचा अलार्म बसवलाय, तरी झोपण्याआधी तिघंही एकेकदा रेग्युलेटर बघतो.

१६ जुलै
काकू आली. "किती छान दिसतेस गं! झालीस की बरी." टाक्यांचे व्रण आता केसांत गेलेत, तेवढं बरं झालंय. ती गेल्यावर दवाखान्याची जुनी फाईल काढली. पहिल्याच पानावर 'जीसीएस ७'. ही मोजपट्टी ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी १९७४ मध्ये काढली. ३ ते १५ गुण. ८ किंवा खाली म्हणजे मार गंभीर. डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का, एवढंच ती बघते. जीव वाचवायला उत्तम. पुढच्या आयुष्याचं तिला काय ठाऊक!

२ ऑगस्ट
आज कॉलेजात सरांनी विचारलं, "अपघात दहावीत झाला ना? बारावी नीट झाली, मग आत्ता कसला त्रास?" प्रश्न चुकीचा नाही, सगळेच विचारतात. बारावीपर्यंत माझा दिवस आई चालवायची. उठवणं, डबा, गोळी, आज कुठली वही, सगळं. बाबा क्लासला सोडायचे. आता ते माझं मला करायचंय, आणि नेमकं तेच जमत नाही. आखणी करणं, आवर घालणं, एक काम सोडून दुसरं धरणं हे कपाळामागच्या मेंदूचं काम. तो भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. माझा घडत असतानाच दुखावला. डॉक्टर म्हणाल्या, लहान वयातल्या माराचा हिशेब असाच उशिरा, जबाबदाऱ्या वाढल्या की कळतो. हे डिस्चार्जच्या कागदावर कुणी लिहून दिलं असतं तर!

प्रोजेक्टला चौघं एकदम बोलायला लागले, वर पंखा खडखडत होता. दहा मिनिटांत डोकं बधिर. मैत्रिणीवर खेकसले. घरी येऊन अंधार करून पडले. हा आळस नव्हे, पण दिसतो अगदी आळसासारखा.

२१ ऑगस्ट
दिव्यांगत्वाच्या दाखल्याची चौकशी केली. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. पार्किन्सन आहे, हिमोफिलिया आहे; डोक्याच्या माराचं वेगळं नाव नाही. त्याचे परिणाम दुसऱ्या कुठल्यातरी रकान्यात बसवावे लागतात. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "चालताय, बोलताय, मग काय लिहू?" तोंडावर उत्तर सुचलं नाही. बसमध्ये सुचलं.

२८ ऑगस्ट
सरांनी परीक्षेला वेगळी, शांत खोली द्यायचं कबूल केलंय. जादा वेळेसाठी मात्र दाखलाच हवा म्हणतात. तरी अर्ज दिला: मार्क वाढवून नकोत. उत्तर येतं, उशिरा येतं. दिव्यांग विद्यार्थ्यांना तासामागे मिळतात ती २० मिनिटं मलाही द्यावीत.