लेखकाचा आवाज

पुस्तक ऐकणे मराठी माणसाला नवे नाही. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ मध्ये ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर उभी केली; व. पु. काळे यांच्या कथाकथनाच्या कॅसेट घरोघरी वाजल्या. आता श्राव्य पुस्तकांमुळे प्रत्येक लेखकापुढे प्रश्न आहे : आपले पुस्तक स्वतः वाचावे, की सरावलेल्या निवेदकाकडे सोपवावे?

त्या दोघांपुढे दाद देणारे श्रोते होते. ध्वनिमुद्रणाच्या बंद खोलीत कोणी हसत नाही. तासन्‌तास एकाच पट्टीत वाचायचे, अडखळले की वाक्य पुन्हा. ज्याला हे झेपत नाही, त्याने हट्ट धरू नये.

नांदेड-लातूरच्या लेखकाला मात्र श्रमांपेक्षा संकोच अडवतो. आपली बोली हेल काढते, असे त्याला वाटते. वास्तविक नरहर कुरुंदकर नांदेडात राहूनच महाराष्ट्रभर ऐकले गेले. शिवाय लातूरकडचे ‘करूलालो’ आणि नांदेडकडचे ‘करायलो’ यांतला फरक परका निवेदक कोठून आणणार? दृष्टी मंदावलेले आजोबा दुकानाच्या गादीवर बसून पुस्तक ऐकतात, तेव्हा खोटा हेल त्यांना पहिल्याच वाक्यात कळतो. मोंढ्यातला सौदा आणि घरातली कुरबुर लेखकाच्याच तोंडून यावी. मध्येच धाप लागली तरी चालेल.