खांबची सुई आणि पुण्याचा ‘स्वयम्’

रोहा तालुक्यातील खांब येथे होकायंत्र हाती धरावे, सुई उत्तरेकडे वळते. तीच सुई मध्यावर मोकळी टांगली, तर तिचे उत्तर टोक जमिनीकडे झुकते. या अदृश्य ओढीची नोंद याच रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत, १९०४ पासून होत आली आहे. त्यापूर्वी ते काम मुंबईत कुलाब्याला चाले. शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने वेध बिघडणार, हे ओळखून नानाभाई मूस यांनी वेधशाळा हलवली. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी वेध घेतले, कारण जुनी मालिका तुटू द्यायची नव्हती.

याच ओढीवर पुण्याच्या सीओईपीतील विद्यार्थ्यांनी एक उपग्रह सोपवला. नाव ‘स्वयम्’. दहा सेंटिमीटरचा घन, वजन एक किलोहून किंचित कमी. काम २००८ च्या सुमारास सुरू झाले.

अवकाशात सुटलेली वस्तू गडगडत राहते. अँटेना भलतीकडे वळला की संदेश हरवतो. मोठे उपग्रह फिरती चाके किंवा वायूचे झोत वापरून स्वतःला सावरतात. एवढ्याशा डब्यात ना तेवढी जागा, ना तेवढी वीज. म्हणून ‘स्वयम्’मध्ये कायमचे चुंबक बसवले आणि सोबत मऊ चुंबकीय धातूच्या कांड्या. चुंबक पृथ्वीच्या क्षेत्राशी जुळवून घेतो. पण नुसता चुंबक लंबकासारखा हेलकावतच राहील. कांड्यांतील चुंबकत्व बदलत्या क्षेत्रामागे थोडे रेंगाळते, त्या रेंगाळण्यात गतीची ऊर्जा उष्णता होऊन जाते आणि डोलणे हळूहळू शमते. वीज शून्य. कल्पना जगाला नवी नव्हती. अमेरिकेच्या ‘ट्रान्झिट १बी’ने ती १९६० मध्येच वापरली होती. भारतीय उपग्रहावर मात्र हा पहिलाच प्रयोग.

खरी अडचण जमिनीवरच्या परीक्षेची. प्रक्षेपणाचे हादरे कंपनयंत्रावर देता येतात, अवकाशातील ऊन-थंडी निर्वात कोठीत आणता येते. पण हा चुंबकीय जोर इतका क्षीण की गुरुत्व, टांगलेल्या दोऱ्याचा पीळ आणि खोलीतील हवा त्याला सहज झाकतात. जवळचे लोखंडी कपाटही निकाल बिघडवते. (मूस यांना हे पुरते ठाऊक होते, अलिबागची इमारत उभारतानाच लोखंड टाळले गेले.) कक्षेतील मुक्त डोलणे कित्येक फेऱ्यांपर्यंत पाहायचे, तर ते गणितातच पाहावे लागते. आणि असा उपग्रह एकदा सुटला की त्याची दिशा आज्ञा देऊन सुधारता येत नाही. चूक राहिली तर राहिलीच.

त्यात पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा, उपग्रहाला लागली आठ. ज्यांनी पहिली आकडेमोड केली, ते उड्डाणापूर्वी कधीच पदवी घेऊन बाहेर पडले होते. त्यांच्या वह्यांवर विश्वास ठेवून पुढच्यांनी काम हाती घेतले, अलिबागच्या मालिकेसारखेच.

२२ जून २०१६ रोजी सकाळी ९ वाजून २६ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३४ झेपावले. त्यात वीस उपग्रह होते. सुमारे पाचशे किलोमीटर उंचीवर ‘स्वयम्’ सुटला, आणि खांबची सुई वळवणारे क्षेत्रच आता त्या लहानशा डब्याला वळवणार होते.