आधी कारण, मग मलम

गेल्या पावसाळ्यात आमच्या मानोच्या कानामागचे केस गेले. रुपयाएवढा गोल चट्टा आणि त्यावर कोंड्यासारखे पापुद्रे. शेजारच्या खाला म्हणाल्या, "करंजेल लाव." मी स्वतःला जास्त शहाणी समजले. माझ्या खाजेसाठी मेडिकलमधून आणलेली मलमाची ट्यूब घरात होती, तीच चोळली. लाली कमी झाली. वाटले, जमले.

दहा-बारा दिवसांत एकाचे पाच चट्टे झाले आणि माझ्या सात वर्षांच्या लेकीच्या मनगटावर लाल कडे उमटले. मानो रोज तिच्या कुशीत झोपायची. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "पोरीला लागण झाली. मांजर मासळीबाजारात सोडून या, उपाशी तरी मरणार नाही." हे काही बोलले नाहीत. लेक मानोला छातीशी धरून रडत बसली. मी एक दिवस मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांनी आधी विचारले, "काय काय लावलंत?" मी ट्यूब दाखवली. त्यात स्टिरॉइड होते. त्याने लाली आणि खाज दबते, पण बुरशी मात्र आत फोफावते. शिवाय मांजर अंगावर लावलेले चाटते, ते पोटात जाते.

त्यांनी समजावले की केस जाणे हा आजार नव्हे, ती आजाराची खूण आहे. पाठीच्या मागच्या भागावर, शेपटीच्या बुडाशी केस गेले तर बहुधा पिसवा असतात. काही मांजरांना पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी असते. पोटावरचे केस चाटून चाटून गेले असतील तर खाज, दुखणे किंवा मनावरचा ताण असू शकतो. गोल, पापुद्रे सुटणारे चट्टे दिसले की नायट्याची शंका घ्यावी. अंधाऱ्या खोलीत खास दिव्याखाली मानोचे केस हिरवे चमकले. चट्ट्याच्या कडेचे केस सूक्ष्मदर्शकाखालीही पाहिले. नायटाच होता.

वजनाप्रमाणे पोटात घेण्याचे औषध आणि आठवड्यातून दोनदा औषधी आंघोळ सुरू झाली. मानोला एका खोलीत ठेवले. गळलेल्या केसांवर ही बुरशी अनेक महिने टिकते, म्हणून रोज केस टिपायचे आणि चादरी वेगळ्या धुवायच्या. लेकीला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेले. निघताना डॉक्टरांनी बजावले, कुत्र्यासाठीचे परमेथ्रिनचे पिसवांचे औषध किंवा आपली पॅरासिटामॉलची गोळी मांजराच्या जिवावर बेतते.

घरी आल्यावर सगळ्यांत अवघड काम राहिले होते. सगळे खापर मानोवर फुटत होते आणि ट्यूबचे कुणालाच माहीत नव्हते. मी अम्मींना खरे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बेजुबान आहे ती. चूक तुझी, तर तिला बरं करणंही तुझ्यावरच."

महिन्याभरात नवे केस आले, तरी डॉक्टरांनी औषध थांबवू दिले नाही. तपासणीत बुरशी नाही असे दोनदा आले, तेव्हाच थांबवले. लेकीचे मनगट त्याआधीच स्वच्छ झाले होते. आता बांगड्याचे डोके मानोसाठी बाजूला काढतात त्या अम्मीच.